तीनशे अठराव्या लॉटचा दोरा

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता, चोलोमा गावातल्या ‘कोस्तुरास एल मेरेंदोन’ या शिवण-कारखान्यात, चार जणांच्या साक्षीने एक लोखंडी कपाट उघडलं गेलं. तीनशे सतरा नंबरची फाइल जागेवर होती. तीनशे एकोणीसही होती. मधली नव्हती.

एरवी या कपाटाकडे कुणी ढुंकून बघत नसे. त्यातल्या फायली पाच वर्षं जपायच्या आणि सहाव्या वर्षी जाळायच्या, एवढाच त्यांचा उपयोग. पण त्याच सकाळी आठला उत्तरेतून निरोप आला होता. नर्सबायांच्या सदऱ्यांचा एक कंटेनर तिथल्या बंदरात अडवून ठेवला होता. जकातवाल्यांना कुणीतरी दीड ओळीचं निनावी पत्र धाडलं होतं: ‘लॉट तीनशे अठरा उघडा. बगलेची शिवण उसवा.’ त्यांनी उसवली. दोरा परका निघाला.

उत्तरेशी झालेला व्यापारी करार असा आहे, की सूत, कापड आणि शिवणीचा दोरासुद्धा करारातल्या देशांचाच असेल, तर सदरा जकात न भरता उत्तरेत शिरतो. दोरा बाहेरचा निघाला की सगळा सदराच बाहेरचा. शिवणारी बाई दिवसातून किती वेळा मोरीला जाते, याबद्दल करारात अवाक्षर नाही. ते कारखान्याचे व्यवस्थापक एद्गार्दो बोग्रान जातीने बघत.

बोग्रानसाहेबांनी सव्वानऊपर्यंत गुन्हेगारही शोधून काढला. दोरा कुणाच्या ताब्यात? कोठाराच्या. कोठार कुणाचं? तेल्मा कालिक्सचं. तिनेच चुकीची रिळं दिली आणि अंगाशी आल्यावर फाइल लांबवली. कपाटाची किल्ली भिंतीवरच्या मारियामातेच्या तसबिरीमागे असते, हे तर सगळ्या कारखान्याला ठाऊक. तेव्हा तेल्माने गुरुवारी दुपारी बाराच्या आत कबुलीवर सही करावी. नाही केली तर ती फाटकाबाहेर, आणि तिचं नाव गावातल्या बाकीच्या कारखान्यांना कळवलं जाईल. सही केली तर फक्त फाटकाबाहेर.

नाव कळवलं जाणं म्हणजे काय, हे तेल्माला समजावून सांगावं लागलं नाही. छप्पन्न वर्षांची बाई, पदरात तीन नातवंडं, आणि जन्मात दोरा सोडून दुसरं काही हाताळलेलं नाही.

माल घेणाऱ्या कंपनीने मंगळवारी चौकशीला एक बाई पाठवली. नाव नोल्विया एनामोरादो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिचं ओळखपत्र उलटंपालटं करून बघितलं आणि पदवीधर बाईला लावतात तो मान लावून विचारलं.

“पहिल्यांदाच येताय ना, लिसेन्सियादा?”

“नाही,” नोल्विया म्हणाली. “मागच्या खेपेला याच फाटकातून हाकललं होतं.”

२

बारा वर्षांपूर्वी ती इथल्या मॉड्यूल नऊमध्ये होती. मॉड्यूल म्हणजे अकरा बायांची टोळी. एकीने गळा करायचा, दुसरीने बाही जोडायची, तिसरीने बगल मारायची, आणि उत्तरेत कुणाचं मन बदललं की तासाभरात सगळी टोळी नव्या कपड्याकडे वळवायची. आशियातला माल समुद्रातून महिना-दीड महिना डुलत येतो. इथून तो तीन दिवसांत पोचतो. शिवाय इथले कारखाने लवचीक. कंपनीच्या माहितीपत्रकात हा शब्द सहा वेळा आहे. वाकतं कोण, हे एकदाही नाही.

एका रविवारी मॉड्यूल नऊ वाकलं नाही. कामावर बोलावलेला सलग सातवा रविवार होता, अकराही जणी घरी राहिल्या. सोमवारी बोग्रानच्या हुकमाने त्या फाटकाबाहेर होत्या आणि बुधवारपर्यंत त्यांची अकरा नावं गावातल्या प्रत्येक फाटकावर पोचली होती. नोल्विया मावशीकडे राजधानीला गेली. दिवसा दुसऱ्यांची भांडी, संध्याकाळी कॉलेज, असं करत करत ती करार आणि जकातीच्या कागदांतली तज्ज्ञ झाली. तिच्या शेजारच्या मशीनवरची एल्मी, वय एकोणीस, उत्तरेकडे चालत निघाली. सरहद्दीजवळच्या एका गावातून तिचा फोन आला होता. पुढे आला नाही.

ही चौकशी नोल्वियाने मागून घेतली होती. तो भाग मला चांगला ठाऊक आहे, असं तिने कंपनीला कळवलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बोग्रान दोषी निघाला तर त्याला सोडायचा नाही, हे तिने बसमध्येच ठरवलं होतं. तो दोषी निघाला नाही तर काय, याचा विचार ती राहून राहून पुढे ढकलत होती.

बोग्रानसाहेबांनी तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि जरा निरखून बघितलं.

“आपण आधी भेटलोय का?”

“वाटत नाही.”

“असेल. इथे इतके चेहरे येऊन जातात.”

ते मनमोकळे बोलले. तेल्मा चांगली बाई, पण वय झालं. खरेदीवाला ओस्मान तेहादा थोडा नटवा, पण माल नेहमीच्या गिरणीतूनच आणतो. मालाच्या उगमाचे कागद करणारी ओनेयदा मुन्ग्विया म्हणजे तर नुसतं फर्निचर. शुक्रवारी सह्या घेते आणि जाते. त्या फाइलीबद्दल तिने आजवर चकार शब्द काढलेला नाही, हवं तर तिलाच विचारा.

“आणि खरं सांगू?” ते कॉफी ढवळत म्हणाले. “फाइल सापडली तरी काय दिवे लागणार होते? हाताने खरडलेल्या दोन ओळी. उत्तरेवाल्यांना छापील लागतं.”

नोल्वियाने मान डोलावली आणि ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. ती सगळ्यांचीच वाक्यं लिहून घेत असे. त्यात खटकण्यासारखं काही आहे, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

३

कोठारात तेल्मा स्टुलावर बसून रिळं मोजत होती. वर न बघताच म्हणाली, “मॉड्यूल नऊ. बाह्या. तुझा दोरा सारखा तुटायचा, पोरी. मशीनला शिव्या घालायचीस.”

बोग्रानला चेहरा आठवला नव्हता. हिला दोरासुद्धा आठवत होता. नोल्वियाने वही उघडली. मग तिने तीनशे अठराबद्दल विचारलं.

“तो कोण?” तेल्मा म्हणाली.

कोठारात आणि मशीनवर कटाचा, म्हणजे कापड कापलं त्या खेपेचा, नंबर चालतो. ओस्मानकडे खरेदीचा नंबर चालतो. लॉट नंबर हे ओनेयदाच्या खोलीतलं खूळ, बाहेर त्याला कुणी ओळखत नाही. नर्सबायांचे मोरपंखी सदरे म्हणशील तर तो कट एकाहत्तर, असं सांगून तेल्माने खणातून एक पुठ्ठा काढला. कोठारातून जाणाऱ्या प्रत्येक दोऱ्याचा वीतभर तुकडा ती पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवत असे. रंग पुढच्या खेपेला जुळावा म्हणून तिची स्वतःचीच पद्धत होती, कुणी सांगितलेली नव्हती. एकाहत्तरचा तुकडा आजूबाजूच्या तुकड्यांत नव्या नवरीसारखा चमकत होता.

“गिरणीचा दोरा असा चकाकत नाही. मी ओस्मानला विचारलं, बाबा रे, हा कुठला? तर म्हणाला, तुला काय करायचंय, तुला शिवायचाय का?”

“हे बोग्रानला दाखवलंस?”

“दाखवलं. म्हणाले, बघ, तुझ्याच हातचा पुरावा.” तेल्माने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. “तू सूड घ्यायला आलीयेस. नाही म्हणू नकोस, चालीवरून कळतं. घे की. माझं काही म्हणणं नाही. फक्त माझ्या मानेवर पाय देऊन घेऊ नकोस.”

ओस्मान तेहादाकडे दोन फोन होते आणि अत्तर तिघांना पुरेल एवढं होतं. त्याने गिरणीची जुनी बिलं दाखवली, हवेबद्दल बोलला, नोल्वियाच्या बुटांचं कौतुक केलं. पुठ्ठा समोर ठेवल्यावर मात्र तो एकदम लहान दिसायला लागला. गिरणीला मोरपंखी रंगवायला नऊ दिवस हवे होते, आणि सगळी ऑर्डरच अकरा दिवसांची. साहेब म्हणाले, कुठूनही आण, पण सोमवारी दे. पनामातल्या खुल्या बंदरातल्या एका व्यापाऱ्याकडून त्याने आणला. पेटीवर लांबच्या देशाचं नाव होतं, ते त्याने फाडून टाकलं.

“साहेबांचं काही लेखी?”

“त्यांचं सगळं तोंडी असतं, लिसेन्सियादा. आणि मी आत्ता बोललो तेही तोंडीच. दुसऱ्या कुणासमोर विचाराल तर मला बंदर म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही.”

म्हणजे हातात उरला वीतभर दोरा, आणि तोही तेल्माविरुद्धचाच पुरावा. मंगळवार संपला होता.

४

बुधवारी दुपारी ओनेयदा मुन्ग्विया आपल्या खोलीत डबा खात होती. समोर तेल्मा. दोघी बारा वर्षं रोज एकत्र जेवत आणि ओनेयदा तिला आपल्या बालेआदाचा, म्हणजे घेवडा भरलेल्या पोळीचा, अर्धा तुकडा मोडून देत असे. आजही दिला होता. तेल्माने तो नुसता हातात धरला होता. नोल्विया आली तशी ती उठून गेली.

ओनेयदा चाळिशीची, घट्ट अंबाड्याची बाई. विचारलं तेवढंच बोलायची.

तिने शुक्रवारची रीत सांगितली. आठवड्याचे तीस-चाळीस कागद ती साहेबांपुढे पंख्यासारखे धरते. प्रत्येकाची फक्त सहीची जागा बाहेर दिसते. साहेब उभ्याउभ्या सह्या करतात, कारण खाली गाडी सुरू असते आणि सान पेद्रोच्या हॉटेलात टेबल राखून ठेवलेलं असतं. दीड मिनिट लागतं. एकदा मिनिटभरात झालं होतं, तेव्हा साहेबांनी स्वतःचं कौतुक केलं होतं.

“आणि तीनशे अठराचा कागद?”

“त्यावरही सही झाली.”

“छापील होता?”

“नाही. त्या शुक्रवारी अकरापर्यंत वीज नव्हती. तेवढा एकच हाताने लिहिला. बाकीचे आदल्या दिवशी छापून झाले होते.”

“काय लिहिलं होतं त्यात?”

ओनेयदाने डब्याचं झाकण लावलं. “खरं ते. दोरा कराराबाहेरचा आहे. या लॉटला सवलत लागू नाही. दोन ओळी. तेल्माने जेवताना दोऱ्याबद्दल सांगितलं होतं, मी ओस्मानच्या टोपलीतून पेटीचा कागद काढून बघितला.”

“हे तू कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

“बोग्रानला?”

“त्यांनी विचारलं नाही.”

खोलीत पंखा फिरत होता. नोल्वियाने वही मागे चाळली, मंगळवारच्या पानावर आली, आणि तिचा हात तिथेच थांबला. आनंद झाला तो इतका, की तिला त्याचीच धास्ती वाटली. बारा वर्षं ज्याला बुडवायचं मनात आहे त्याच्याविरुद्ध सापडलेला पुरावा माणसाला नेहमीच चोख वाटतो. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग ती कारखान्याबाहेर गेली, टपरीवर बसून थंडगार ओर्चाता प्यायली, आणि बोग्रानचा वकील झाल्यासारखी त्या वाक्यातून सुटायच्या वाटा शोधत बसली. दोन पेले संपले, तरी एकही सापडली नाही.

५

गुरुवारी साडेअकराला व्यवस्थापकांच्या खोलीत सगळे जमले. तेल्माची कबुली टाइप होऊन टेबलावर तयार होती, शेजारी पेन. कारखान्याचे मालक रोलांदो इंतेरियानो मायामीत राहत. त्यांना टेबलावरच्या फोनमधून हजर करण्यात आलं होतं. त्यांच्यामागे एक कुत्रा भुंकत होता.

नोल्विया म्हणाली, की सगळे एका माणसाला शोधताहेत आणि घोळ तिथेच आहे. पत्र लिहिणाऱ्याला लॉट तीनशे अठराची शिवण जगापुढे यायला हवी होती. फाइल चोरणाऱ्याला ती झाकायला हवी होती. ही दोन माणसं आहेत.

“आता चोर. सोमवारी आठला निरोप आला, नऊला कपाट उघडलं. शेकडो फायलींतून नेमकी एकच गेली. म्हणजे चोराला लॉट नंबर ठाऊक होता. तेल्माबाईंना कट एकाहत्तर माहीत, ओस्मानला खरेदी नंबर. आठ ते नऊच्या मध्ये तीनशे अठरा हा आकडा माहीत असणारी माणसं दोन. ओनेयदा, आणि ज्यांच्या हातात निरोप पडला ते.”

“मग ओनेयदा,” बोग्रानसाहेब लगेच म्हणाले. फर्निचरने मान वर केली नाही.

“तिने ती चोरायचीच असती तर मुळात लिहिलीच कशाला असती? तिला दोन छापील ओळी खोट्या लिहिता आल्या असत्या, नेहमीसारख्या.” नोल्वियाने वही उघडली. “साहेब, मंगळवारी तुम्ही म्हणालात, फाइलीत हाताने खरडलेल्या दोन ओळी होत्या. मेरेंदोनचे सगळे कागद छापील असतात. तो एकच हाताने लिहिलेला होता, आणि दोनच ओळींचा होता. तुम्हाला कसं कळलं?”

“सही करताना बघितलं असेल.”

“बघितलं?”

“मी जे बघतो त्यावरच सही करतो.” ते टेकून बसले. वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलेलं दिसलं.

“मग त्या दोन ओळी तुम्ही वाचल्यात. दोरा बाहेरचा आहे आणि सवलत लागू नाही, हे वाचून सही केलीत, आणि त्याच आठवड्यात माल सवलतीत पाठवलात. ही जकातीची फसवणूक झाली. उत्तरेत त्यासाठी तुरुंग आहे.”

बोग्रानसाहेब सरळ बसले. नाही नाही, सह्या घाईत होतात, कागद पंख्यासारखे धरलेले असतात, दिसतं कुठे काही, हवं तर ओनेयदाला विचारा, असं त्यांनी सांगितलं. ओनेयदाने सांगितलं की खरं आहे, सहीची जागा सोडून काही दिसत नाही.

“तर मग तेव्हा वाचला नाहीत,” नोल्विया म्हणाली. “ओनेयदा कुणाशी बोलली नाही, तुमच्याशी तर नाहीच, हे तुम्हीच मला सांगितलंत. फाइल कपाटातून एकदाच बाहेर आली, ती सोमवारी. म्हणजे कागद सहीच्या वेळी वाचला असेल, नाहीतर चोरल्यावर. तिसरी वेळ नाही. कुठली ते तुम्ही सांगा, मी तसं लिहिते.”

बोग्रानने ओस्मानकडे बघितलं. ओस्मान आपल्या बुटांकडे बघत होता.

मग फोनमधून मालकांचा आवाज आला, अगदी शांत, जेवणाचा बेत सांगावा तसा.

“एद्गार्दो, चोरलीस म्हण.”

“साहेब?”

“चोरी तुझी एकट्याची असते. ती फसवणूक मात्र मलाही चिकटते.”

बोग्रानसाहेब उठले. मग खाली जाऊन गाडीतून फाइल घेऊन आले आणि टेबलावर ठेवली. सोमवारी आठच्या निरोपानंतर कारखान्याची बाजू मांडायला म्हणून ती काढली होती, उघडली, आणि आपल्या सहीच्या वर काय लिहिलंय ते जन्मात पहिल्यांदा वाचलं होतं. टेबलावरचं पेन त्यांनी न मागता उचललं. तेल्माची कबुली बाजूला सारून ते कोऱ्या कागदावर स्वतःची लिहायला लागले. या वेळी ओळ न् ओळ वाचत होते.

निघताना नोल्विया दारात थांबली. हे वाक्य तिने बारा वर्षं घोटून ठेवलं होतं.

“मॉड्यूल नऊ, साहेब. बाह्या.”

त्यांनी मान वर केली. खरोखर प्रयत्न करताना दिसले. “कुठल्या वर्षीचं?” त्यांनी विचारलं.

६

ओनेयदा खोलीत फाइल जागेवर लावत होती. नोल्वियाने दार लोटून घेतलं. लॉट नंबर कपाटाबाहेर कुणी वापरत नाही, आणि पत्रात तो होता. बोग्रान स्वतःविरुद्ध पत्र लिहिणार नाही. अहवालात पत्र लिहिणाऱ्याच्या नावाचा रकाना आहे, असं ती म्हणाली.

“लिहा,” ओनेयदा म्हणाली. “मुन्ग्विया नवऱ्याचं आडनाव आहे. एल्मी माझी धाकटी बहीण.”

नोल्विया खुर्चीत बसली. मग तिने विचारलं, कागदाचा फोटो तुझ्याकडे असणारच, तो पहिल्याच दिवशी का नाही दाखवलास?

“दाखवला असता तर ते म्हणाले असते, कारकून बाईने फसवून सही घेतली. थोडा दंड झाला असता, मालकाने भरला असता. त्यांनी स्वतःच्या हाताने चोरी करायला हवी होती. म्हणून थांबले.”

“आणि तेल्मा? आज बारा वाजता ती सही करणार होती. मी आले नसते तर?”

ओनेयदाने फाइल आत सरकवली. तीनशे सतरा, अठरा, एकोणीस. “माहीत नाही,” ती म्हणाली. “बारा वाजेपर्यंत थांबले असते.”

बाराच्या पुढचं तिने सांगितलं नाही, आणि नोल्वियाने विचारलं नाही, कारण तिच्या जागी आपण किती वाजेपर्यंत थांबलो असतो याचा तिलाही अंदाज येत नव्हता. तिने तो रकाना कोरा ठेवला.

बोग्रान दुपारीच गेले. कंपनीने अहवालाबद्दल आभार मानले आणि पुढच्या दोन ऑर्डरी सरहद्दीपलीकडच्या कारखान्याला दिल्या. करार तोच, दोरा तोच, तीन दिवसांचंच अंतर.

शुक्रवारी नोल्विया तेल्माचा निरोप घ्यायला कोठारात गेली. नोकरी राहिली होती, नाव कुठेही कळवलं गेलं नव्हतं. तेल्मा पुठ्ठ्यावर नवा तुकडा चिकटवत होती.

“पत्र कुणी लिहिलं?” तिने विचारलं.

“कळलं नाही.”

“मला कळलं. पत्रात तीनशे अठरा होतं म्हणालीस तेव्हाच.” तेल्माने चिकटपट्टी दाताने तोडली. “चार दिवस समोर बसून जेवली. अर्धा बालेआदा देत होती.”

“एल्मी तिची बहीण होती, तेल्माबाई.”

“असेल. एल्मीला मीच पहिला दोरा दिला होता. मी पण कुणाची तरी आहेच की.” तिने तुकड्यावरून अंगठा फिरवला. नोल्वियाने विचारलं, मग आता काय करणार?

“जेवायला बसणार. रोज, तिच्या समोर. ती देईल ते खाणार.” जेवणाचा भोंगा झाला तशी तेल्मा उठली, ॲप्रन झटकला आणि डबा उचलला. “ती बारा वर्षं थांबली. मलाही काही घाई नाही.”